पाणी उफणणारे भावजी

भावजी, वाद अर्ध्यावर सोडून उठायची तुमची खोड जुनीच. माझा मुद्दा वरचढ व्हायला लागला की तुम्ही मांडीवर थाप मारायचात, खांद्यावर टॉवेल टाकायचात आणि म्हणायचात, "बरं वैनी, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला आदल्या दिवशी जिथं सोडलं तिथूनच पुन्हा सुरू. त्यात कधी चुकला नाहीत. या खेपेला मात्र उठलात ते उठलातच. सकाळी गेलात, दुपारी तुम्हाला पोचवलं, आणि संध्याकाळी चहाच्या वेळेला मी ओट्यावर बसले तेव्हा मला आधी राग आला. रडू मागाहून आलं.

तुमची सारजा म्हणाली, "आक्का, तुमी चौथी शिकलेल्या. त्यांच्याबद्दल चार शब्द लिवा की."

तिचा शब्द मोडवेना. पण लिहू काय? तुम्ही कधी जन्मलात, किती शिकलात, भिंगारला नोकरी कशी लागली, हे गावाला पाठ आहे. गेलेला माणूस सदा हसतमुख होता असं लिहायची पद्धत आहे. तुम्ही नव्हता. सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तुमच्याशी बोलायची सोय नव्हती. सगळ्यांना मदत करायचात असंही लिहितात. तुम्ही मदत करायचात खरी, पण इतके प्रश्न विचारायचात की मदत नको पण प्रश्न आवरा असं माणसाला व्हायचं. तेव्हा ते सगळं राहू द्या. मी तळ्याचं लिहिते. आपला वाद तळ्याचाच होता.

बहात्तरच्या दुष्काळात आपलं गावतळं आटत आटत मधल्या खळग्यापुरतं उरलं होतं. गुरं छावणीला गेली होती. धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि तिथंच पालं ठोकून राहत होती. गावात राहिले ते म्हातारे, आजारी आणि त्यांचं करायला थांबलेले. आपल्या घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कूस बदलायलासुद्धा दोघं लागायची. म्हणून मी राहिले, सारजा राहिली, आणि भिंगारची नोकरी संपवून आलेले तुम्ही.

पिण्याचं पाणी बांधाखालच्या आडाचं. तळ्यातलं पाणी जमिनीतून पाझरून आडात यायचं, म्हणजे तळं नासलं की आड नासणार, हे सांगायला कुणी शहाणा नको होता. आड नासला असता तर गाव उठलं असतं. बाकीचे गेले असते कुठंतरी. सासूबाईंना बाजेवर घालून आपण कुठं जाणार होतो?

आणि त्या खळग्यात सगळ्या तळ्याचे मासे गोळा झालेले. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. आपल्या तळ्यातला मासा म्हसोबाचा. तो धरायचा नाही, खायचा नाही, एका जागचा उचलून दुसरीकडे न्यायचा नाही. बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा बसलाय आणि रविवारी त्याच्या नावानं माशांना पिठाच्या गोळ्या टाकायच्या. दुसऱ्या गावात अशा वेळी मासे काढले असते, लोकांनी खाल्ले असते, तळ्यावरचा भार हलका झाला असता. आपल्याकडे उपाशी माणसानंसुद्धा हात लावला नाही. मला याचा अभिमान नाही आणि लाजही नाही. तसं होतं, एवढंच.

मग एका पहाटे मासे वर आले. पाण्याच्या कडेकडेनं नुसती तोंडं. उघडायची, मिटायची, उघडायची. त्या साली उघडं तोंड बघितलं की एकच गोष्ट सुचायची.

सरपंच तात्या म्हणाले, "म्हसोबाची लेकरं भुकेली झाली. आपन खातोय त्यातला घास त्यांना द्या."

लोकांनी दिला हो. रेशनची ती लाल मिलो, जिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, तीसुद्धा मोजून मिळायची. त्यातलं मूठमूठ पीठ मळून बायका पहाटे तळ्यावर गोळ्या टाकायला जायला लागल्या. सारजाही गेली. तुम्ही बांधावर उभं राहून ओरडलात, "अगं, ती भूक न्हाई! दम लागलाय त्यांना!"

तात्या हसले. "मास्याला दम? मग बिडी सोडा म्हनावं त्यांना."

सगळी हसली. मीही हसले. पण मला दुसरंच काही दिसत होतं आणि ते मी तुम्हाला घरी येऊन सांगितलं. गोळ्या तशाच खाली बसत होत्या. मासा तोंड उघडत होता, गोळी त्याच्या नाकासमोरून खाली जात होती आणि तो बघत नव्हता. भुकेला जीव असं करत नाही. माझ्या दारात त्या साली इतके भुकेले जीव येऊन गेले, मला कळतं.

"मग वैनी, तुमचं काय म्हननं हाय?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, "पाणी थोडं, ऊन फार. पाणी तापतं. अंगाची लाही होते म्हणून वर येतात."

"पान्यातली हवा संपलीय."

"पाण्यात कुठली हवा? हवा बाहेर असते. पाण्यात हवा असती तर माणूस बुडून मेला असता का?"

मी जिंकले असं मला वाटलं. मग तुम्ही भिंगारचं काढलंत. तिथल्या लष्कराच्या छावणीच्या पाणीपुरवठ्यावर तुम्ही पंप चालवायचात, तिथं धरणाचं पाणी टाकीत घ्यायच्या आधी पायऱ्यापायऱ्यांवरून खाली पाडायचे. एवढं पाणी वर चढवायचं आणि मग उगाच पायऱ्यांवरून सोडायचं कशाला, म्हणून तुम्ही तिथल्या मिस्त्रीला विचारलं होतं. तो म्हणाला होता, पाण्याला वारा लागला की त्याचा वास जातो, ते जिवंत होतं. एवढंच त्याला माहीत होतं आणि तेवढंच तुम्हाला. त्या एका वाक्यावर तुम्ही माझ्याशी भांडत होतात.

मी म्हटलं, "दाखवा."

माझ्या तोंडून तो शब्द गेला आणि तुमचा चेहरा असा झाला, जणू लग्नाचं आमंत्रण मिळालंय. तुम्ही माळ्यावरून दोन घंगाळं काढलीत. तळ्यावरून घागरी भरून आणल्यात. दोन्ही घागरींत चंदेरी मासोळ्या होत्या. मी विचारलं, म्हसोबाचं काय? तुम्ही म्हणालात, "मी धरल्या न्हाईत. घागर बुडवली, त्या आपन होऊन आत आल्या. पावन्या हायेत. परत पोचवनार." सासूबाई आतून ओरडल्या, "त्याला म्हनावं, देवाशी वकिली करू नगं."

घरात गाय नव्हती, दूध नव्हतं, म्हणून ताक घुसळायची रवी खुंटीला टांगलेली होती. ती तुम्ही काढलीत. पहाटे उठून एका घंगाळात रवी फिरवायची, मासोळ्यांना लागू न देता, वरच्या वर. दुसरं घंगाळ तसंच. उजाडताना मी कंदील खाली धरून बघितलं. बिनघुसळलेल्या घंगाळात मासोळ्या तोंड वर काढून होत्या. घुसळलेल्यात त्या खाली निवांत होत्या.

"बगा," तुम्ही म्हणालात.

"रवीला घाबरून खाली बसल्यात," मी म्हटलं.

तुम्ही रवी उचललीत आणि दुसऱ्या घंगाळात फिरवलीत. थोड्या वेळानं त्याही खाली गेल्या.

"ह्याही घाबरल्या."

सारजा चुलीपाशी पदरात तोंड घालून हसत होती. तुम्ही रवी ठेवलीत, तिथंच मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "बरं. आता न्हाई फिरवत. दोन्ही तशीच ठिवू. उद्या पहाटं कोन घाबरतंय बगू." दुसऱ्या पहाटे दोन्ही घंगाळांतल्या मासोळ्या वर. भ्यायला रवी नव्हती. मी "हं" म्हटलं. माझ्या "हं"ची किंमत तुम्हाला माहीत होती. तुम्ही लगेच पाहुण्यांना तळ्यात पोचवून आलात.

पण घंगाळ घुसळणं वेगळं आणि तळं वेगळं. तळ्यात उतरून काठीनं ढवळावं म्हटलं तर मीच नको म्हणाले. तळाशी त्या गोळ्यांचं आंबलेलं पीठ आणि काळा गाळ. पायानं जरा हलला तरी नासक्या अंड्यासारखी घाण यायची. तूप कढवताना बेरी तळाला बसली की तिला हलवायचं नसतं, वरचं तूप निराळं काढायचं असतं. ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही माझं ऐकलंत अशा फार थोड्या गोष्टी आहेत, म्हणून ही लिहिली.

तुम्ही खळ्यावर जाऊन वावडी घेऊन आलात. धान्य उफणायला माणूस जिच्यावर उभं राहतं ती तीन पायांची उंच घोडी. दोन हंगाम खळ्यात दाणा आला नव्हता, वावडी नुसती उन्हात उभी होती. ती तुम्ही तळ्यात पाण्याच्या कडेला रोवलीत, वर चढलात आणि सारजाला म्हणालात, "घागर दे." दुसऱ्या हातात पिठाची जुनी चाळण. घागर चाळणीत ओतायची, चाळणीतून पाण्याच्या हजार धारा वाऱ्यातून खाली. धान्य उफणतात अगदी तसं. फक्त खाली रास पडायची नाही, पाणी पाण्यात मिळायचं.

गावानं दुष्काळात पहिल्यांदा पोट धरून हसून घेतलं. तळ्यातलंच पाणी काढून तळ्यातच ओतणारा माणूस बघायला म्हातारी माणसं काठी टेकत आली. तात्या म्हणाले, "भिंगारची हवा डोक्यात गेली याच्या."

तुम्ही वरूनच म्हणालात, "तात्या, एक करा. गोळ्या टाकू नगा. जे पीठ टाकताय ते खावा, आन् आडावर पानी न्यायला येनाऱ्या बाईनं तळ्यातलीच एक घागर आधी हितं चाळनीतनं ओतायची, मग आपली भरायची. एवढंच. बिघडलं तर मला धरा."

"म्हसोबा उपाशी मेला तर?"

"तात्या," मी म्हटलं, "तुमच्या गोळ्या तळाला जाऊन कुजल्यात. कुणी खाल्लेल्या नाहीत. वाकून बघा आणि वास घ्या."

तात्या वाकले. वास घेतला. सरळ झाले आणि घराकडे चालायला लागले. त्यांनी मान्य केलं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून पीठ आलं नाही, घागर आली.

त्या उन्हाळ्यातलं बायकांचं बोलणं तुम्ही बांधावर बसून ऐकायचात आणि घरी येऊन मला सांगायचात. "मुडद्यानं आमाला पान्याला वारा घालायला लावलं," ही तुमची आवडती. सासूबाईंचं तर ठरलेलंच: "आधी मला वारा घाला रे, मग पान्याला." सारजा त्यांना पंख्यानं वारा घालायची आणि तुम्ही म्हणायचात, "आई, तुज्यासाटीच चाललंय सगळं." त्या म्हणायच्या, "माज्यासाटी तू कदी भाजीसुद्धा आनली न्हाईस." ते खरं होतं. तुमचंही खरं होतं.

पहाटे धारा पडायला लागल्या की मासे त्या कोपऱ्यात गोळा व्हायचे. पाण्यात जिथं फेस उठायचा तिथंच गर्दी. एक मरळ होती, काळी, हातभर, तिला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. ती आपली मधूनच वर यायची, हवेचा घोट घ्यायची आणि खाली जायची. तुम्ही तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचात, "बगा, हिला कळलंय. सरळ बाहेरची हवा पिते." ती एकटी तशी का आणि बाकीचे तसे का नाहीत, हे तुम्हाला कधी कळलं नाही. मलाही नाही.

मासे काही मेले, पुष्कळ जगले. पाऊस येईपर्यंत आडाचं पाणी प्यायजोगं राहिलं. सासूबाई पुढल्या दिवाळीत आपल्या बाजेवर, आपल्या घरात वारल्या. आता हे उफणण्यानं झालं की गोळ्या थांबवल्यानं झालं, यावर तुम्ही आणि मी अजून भांडतोय. म्हणजे भांडत होतो. तुम्ही म्हणायचात, वाऱ्यानं. मी म्हणायची, एवढ्याशा घागरींनी काय होतं, कुजणं थांबलं म्हणून तळं वाचलं. कुणीच हटलं नाही.

पण खरा वाद तो नव्हता. खरा वाद पहाटेचा.

मी म्हणत होते पाणी तापतं म्हणून मासे वर येतात, त्यावर तुम्ही एक दिवस विचारलंत, "मग दुपारी का न्हाई येत? दुपारी पानी तापलेलं असतं. पहाटं पानी गार. मग पहाटंच का?" मी त्या दिवशी भाकऱ्या करपवल्या. उन्हाची माझी गोष्ट तिथंच संपली, पण तुम्हाला तसं बोलून दाखवलं नाही. उलट मी विचारलं, "तुम्हीच सांगा मग." तुम्ही म्हणालात, "ते हिरवं शेवाळ. ते पान्यातली हवा खातं." मी म्हटलं, "शेवाळ काय पहाटेच उगवतं? दुपारी पण असतं की. दुपारी त्याचा उपास असतो?"

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. टॉवेल घेतलात. "उद्या बघू."

दोन वर्षं आपण हे उद्यावर ढकललं. तुम्ही निम्म्या तळ्याचं शेवाळ काढून बघितलंत, मी राहिलेल्या निम्म्याची बाजू घेतली. शेजारीपाजारी कंटाळले. सारजा म्हणायची, तुमी दोगं चा प्या आन् गप बसा. पण एक सांगते. माझ्या सगळ्या आयुष्यात मला "हे करा" असं सांगणारी माणसं खूप भेटली. "वैनी, असं का होत असंल?" असं विचारून उत्तरासाठी थांबणारे तुम्ही एकटे. माझे मालक चांगले होते, पण त्यांनी कधी विचारलं नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असतात, म्हणून सांगितलं नाही.

तुमच्या तेराव्याला काय झालं ते ऐका. उन्हाळा आहे, तळं पुन्हा खाली गेलंय, बहात्तरसारखं नाही, पण गेलंय. मासे पहाटे पुन्हा वर यायला लागलेत. जेवणं झाली आणि तात्यांनी मोठी परात भरून भाताचे गोळे तळ्याकडे न्यायला सांगितले. म्हणाले, त्याचा जीव त्या माशांत होता, त्याच्या नावानं सगळ्या गावानं घास टाकू. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं.

मी परातीसमोर उभी राहिले. "तात्या, त्याच्या नावानं त्याचंच तळं नासवता?"

"अहो आक्का, आज तरी नगा भांडू."

"आजच भांडणार. तो नाही, तर त्याच्या वाटचं पण मलाच भांडायला पाहिजे."

मग सारजा उठली. पांढरं कपाळ, सुजलेले डोळे. ओसरीतून ती चाळण घेऊन आली, वाटेत घागर उचलली आणि तळ्याकडे चालायला लागली. वावडी अजून तिथंच आहे, तुम्ही काढू दिली नव्हती. सारजा वर चढली. कधी चढली नव्हती. मी खालून घागर दिली. तिनं ती चाळणीवर उपडी केली आणि पाणी वाऱ्यातून खाली पडलं.

मग तात्यांनी घागर घेतली. मग बाकीच्यांनी. भाताचे गोळे गावातल्या कुत्र्यांना घातले. त्यांना तोंड उघडण्याचा अर्थ नीट कळतो. आता तुमच्या नावानं रोज पहाटे कुणीतरी एक घागर ओतून जातं. फार काळ टिकेल असं मला वाटत नाही. टिकेल तोवर टिकेल.

आणि पहाटेचं. भावजी, ते मी बघितलं.

तुम्ही गेल्यावर माझ्या हाताला काही सुचेना म्हणून मी ती दोन घंगाळं काढली. एकात स्वच्छ पाणी, एकात तळ्यातलं शेवाळ दाबून घातलं. मासोळ्या दोन्हीकडे, आपण होऊन आलेल्या. पहाटे बघितलं तर शेवाळाच्या घंगाळातल्या वर, तोंड उघडून. स्वच्छ पाण्यातल्या खाली. तुम्ही जिंकलात, असं मी तिथं मोठ्यानं म्हणाले. कुणी नव्हतं म्हणून म्हणाले. पण मी घंगाळं हलवली नाहीत. ऊन चढलं, ओट्यावर आलं, आणि मी वाकून बघितलं तर शेवाळाला बारीक बारीक बुडबुडे आलेले. साबुदाण्यासारखे. एकेक सुटून वर जात होता. मासोळ्या त्या शेवाळातच मजेत फिरत होत्या. मी हाताची सावली धरली, तर थोड्या वेळानं बुडबुडे थांबले. सावली काढली, पुन्हा सुरू.

म्हणजे शेवाळ उन्हात हवा सोडतं आणि अंधारात ओढून घेतं. रात्रभर ओढतं, म्हणून पहाटेला पाण्यात काही उरत नाही. तुम्ही म्हणत होतात शेवाळ खातं. मी विचारत होते मग दुपारी का नाही. तुमचं निम्मं, माझं निम्मं. एवढ्यासाठी आपण दोन वर्षं भांडलो आणि ते घंगाळात, माझ्याच ओट्यावर होतं.

तुम्ही असता तर गप्प बसला नसतात. लगेच पुढचं विचारलं असतंत: ढगाळ दिवशी काय होतं? पुनवेच्या चांदण्यात ते सोडतं की ओढतं? मला माहीत आहे तुम्ही हेच विचारलं असतंत, कारण आता ते मलाच सुचतंय.

काल दुपारी मी घंगाळावर वाकून बसले होते. सारजा येऊन उभी राहिली. म्हणाली, "आक्का, ते तर गेले. आता हे कुनाला दावायचंय?"

मी म्हटलं, "बाजूला हो. तुझी सावली पडतेय पाण्यावर."